दोन सूत

सरांनी आयुष्यात वीट कधी उचललीच नव्हती, असं म्हणणं अन्यायाचं होईल. एकदा उचलली होती. गच्चीवरचा कपडे वाळवायचा स्टँड वाऱ्याने पडायचा, त्याच्या पायावर ठेवायला. तेवढा एक प्रसंग सोडला तर गेली बावीस वर्षं सर वास्तुकलेच्या कॉलेजात 'बांधकाम' हा विषय शिकवत होते आणि विटेशी त्यांचा जो काही संबंध होता तो खडूच्या मार्फत होता. फळ्यावर ते भिंत अशी काढत की वहीत उतरवून घेताना मुलांना गहिवरून यावं. सगळे सांधे सारखे, सगळे कोपरे काटकोनात. फळ्यावरच्या भिंतीचा एक मोठा फायदा असतो. तिला ओल येत नाही, तडा जात नाही आणि तास संपला की ती पुसता येते.

अशा सुखी माणसाच्या टेबलावर एका सोमवारी परिपत्रक येऊन पडलं. पुस्तकी वास्तुकार फार झाले, आता प्रत्येक विद्यार्थ्याने साठ तास प्रत्यक्ष बांधकामावर काम करावं, असं वरच्या मंडळींनी ठरवलं होतं. इथवर सरांना परिपत्रक मनापासून आवडलं. ते वर्गात वाचून दाखवताना त्यांनी 'घाम' या विषयावर दहा मिनिटं छान बोलूनही घेतलं. पुढचं कलम त्यांनी स्टाफरूममध्ये येऊन वाचलं. ज्या शिक्षकाच्या सहीने हा अनुभव प्रमाणित होणार, त्या शिक्षकाने स्वतः साठ तास हाताने बांधकाम केलेलं असावं, त्याची नोंदवही असावी, आणि मुदत महिनाअखेर. 'हाताने' या शब्दाखाली कुणीतरी आवर्जून रेघ मारली होती. सरांची सही नसेल तर चाळीस मुलांच्या वह्या तशाच पडून राहणार होत्या.

घरी त्यांनी ही बातमी जेवताना, जरा हुतात्म्याच्या आवाजात सांगितली.

"साठ तास?" बायको म्हणाली. "अहो, तुम्ही पंख्याचा एक स्क्रू आवळलात तर आपण आठवडाभर पंख्याखालून उठून भिंतीकडेला झोपत होतो."

"तो स्क्रूच मुळात चुकीचा होता," सर म्हणाले.

सरांच्या आई खिडकीत बसल्या होत्या. अख्खी इमारत त्यांना आजी म्हणे. त्या बाहेर बघतच म्हणाल्या, "करायचंच आहे तर ती पायरी कर."

बायकोने घाईघाईने भात वाढायला घेतला, कारण पायरी हा त्या घरातला नाजूक विषय होता.

ही तीन मजली इमारत सरांनीच आखलेली. त्यांची पहिली इमारत, आणि सध्या तरी शेवटची. दाराशी तीन पायऱ्या होत्या. वरच्या दोन शहाण्यासारख्या सहा-सहा इंचांच्या. तिसरी, म्हणजे सगळ्यात खालची, जवळजवळ दहा इंच उंच. ती चढताना माणूस दचके आणि उतरताना भिंत धरी. पोस्टमन पत्रं खालूनच फेकत असे. भाडेकरू महिनाभरात तिला सरावत, पाहुणे कधीच सरावत नसत. इमारतीत तिला 'सरांची पायरी' म्हणत आणि सर एकोणीस वर्षं प्रत्येकाला न कंटाळता सांगत, "माझा नकाशा अगदी चोख होता हो. मिस्त्रीने घोळ घातला."

तळमजल्यावर राहणाऱ्या आजींचा गुडघा सहा महिन्यांपूर्वी दुखावला आणि ती पायरी त्यांना बंद झाली. समोरच्या झाडाखाली एक बाक होता. त्यावर त्या आणि समोरच्या इमारतीतली त्यांची मैत्रीण रोज पाच वाजता बसत. आता मैत्रीण एकटीच बसे आणि मधूनमधून खिडकीकडे बघून हात हलवी. आजी हात हलवत. त्या मैत्रिणीने आता सामान बांधायला घेतलं होतं. महिनाअखेरीस ती मुलीकडे दुसऱ्या गावी कायमची राहायला जाणार होती.

"उचलून नेऊ का तुला बाकापर्यंत?" सरांनी एकदा विचारलं होतं.

"मी काय कपाट आहे?" आजी म्हणाल्या होत्या.

तेव्हा पायरी करायची ठरली. शिकवायला कोण, या प्रश्नावर बायको म्हणाली, "ज्यांनी बांधली त्यांनाच बोलवा की." सरांना ही कल्पना उदात्त वाटली. माणसाला आपली चूक सुधारायची संधी द्यावी, असं त्यांचं मत होतं.

मिस्त्री आले. साठी कधीच ओलांडलेले, सडसडीत, कानामागे पेन्सिल. पायरीकडे त्यांनी जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि काही बोलले नाहीत. बोलले ते नियमकाका. नियमकाका म्हणजे सोसायटीचे सचिव. तीस वर्षं एका कार्यालयात त्यांनी आलेली प्रत्येक फाइल त्रुटी काढून परत पाठवली होती आणि निवृत्तीनंतर हात शिवशिवत असल्यामुळे सोसायटी चालवायला घेतली होती.

"तुम्हीच का ते?" काकांनी चष्म्यावरून विचारलं. "ज्यांनी हा घोळ घातला?"

"पायरी मीच बांधली," मिस्त्री म्हणाले. सरांनी औदार्याने मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण एक पायरी कमी करून चालत नाही, सगळ्या सारख्या व्हाव्या लागतात. म्हणजे तीन फोडून तिथे चार बुटक्या करायच्या. चार केल्या की जिना फूटभर पुढे येतो, आणि त्या फूटभर जागेत नियमकाकांची स्कूटर उभी असे. काकांनी तातडीची सभा बोलावली. विषय एक, पायरी. सभा तीन तास चालली. दुसऱ्या मजल्याने संगमरवर सुचवला. तिसऱ्या मजल्याने पायऱ्याच नकोत, उतार करा म्हटलं. उतार पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यीण बाईंना नको होता, कारण त्यांचे पेशंट आधीच पळून जायच्या बेतात असतात, त्यांना उतार मिळाला तर सापडायचे नाहीत. शेवटी 'सार्वजनिक हिताचा विचार करून, स्कूटरचा हक्क अबाधित ठेवून' परवानगी मिळाली. याचा अर्थ कुणालाच कळला नाही, म्हणून ती एकमताने मिळाली.

कॉलेजच्या कार्यालयात वेगळंच निघालं. नोंदवहीत 'प्रशिक्षकाची पदवी' असा रकाना होता.

"काय लिहू?" सरांनी विचारलं.

"पदवी लिहा," कारकून म्हणाले.

"ते गवंडी आहेत."

"गवंडी ही पदवी नाही, सर. आणि प्रशिक्षकाची पदवी शिकणाऱ्याच्या पदवीपेक्षा कमी नको, अशी खाली तळटीप आहे."

म्हणजे सरांना वीट लावायला शिकवण्यासाठी सरांपेक्षा जास्त शिकलेला आणि सरांपेक्षा जास्त विटा लावलेला माणूस हवा होता. असा माणूस त्या कॉलेजात नव्हता, आणि कुठे असेल असं कारकुनांनाही वाटत नव्हतं. चार खेपा झाल्यावर कारकुनांनीच तोडगा काढला. 'पदवी' वर बारीक काट मारून त्यांनी 'अनुभव' लिहिलं आणि सोबत आलेल्या मिस्त्रींनी आकडा घातला: त्रेचाळीस वर्षं. तो आकडा बघून कारकुनांनी नकळत खुर्ची जरा मागे घेतली.

आणि काम सुरू झालं.

पहिल्या दिवशी जुन्या पायऱ्या फोडल्या. दाराशी एक फळी टाकली आणि सगळी इमारत तिच्यावरून डोंबाऱ्यासारखी ये-जा करू लागली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी विचारलं, "विटा भिजवल्या का?"

आता हे तर सरांच्या हातखंड्याचं. 'विटा वापरण्यापूर्वी का भिजवाव्यात?' हा प्रश्न त्यांनी बावीस वर्षांत एकोणीस वेळा काढला होता, गुण चार. त्यांनी न्हाणीघरातला तांब्या आणला आणि प्रत्येक विटेवर थोडं थोडं पाणी शिंपडलं.

मिस्त्रींनी तांब्या काढून घेतला. "आंघोळ नाही घालायची, साहेब. बुडवायच्या. बुडबुडे थांबेपर्यंत."

सरांनी त्या दाराजवळच्या पिंपात बुडवल्या. ते आग विझवायचं पिंप होतं. नियमकाकांनी तासाभरात नोटीस लावली. नोंदवहीत त्या दिवशी सरांनी लिहिलं: 'काम: विटा भिजवणे. तास पाच. अडचणी: कायदेशीर.'

सिमेंट-वाळूचा मसाला कालवायला घेतला तर त्याने त्यांना घामाच्या विषयावर पुन्हा विचार करायला लावला. पहिल्या दिवशी मसाला इतका पातळ झाला की वीट त्यात पोहू लागली, दुसऱ्या दिवशी इतका घट्ट की थापी उभी राहिली. सर थापी खडू धरावा तशी धरत. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून दंतवैद्यीण बाई सगळं बघत असत. "सर, मनगट सैल ठेवा. मीही पहिल्या वर्षी असंच करायचे," असा सल्ला त्या वरून देत. सर वर बघत आणि मसाला खाली पडे. हाताला फोड आले, पाठ धरली, आणि एकदा स्वतःचेच दोन विद्यार्थी रस्त्यावरून जाताना दिसले म्हणून सर दहा मिनिटं वाळूच्या ढिगामागे बसून राहिले.

पण मिस्त्री कधी ओरडले नाहीत. चुकलेली वीट ते नुसती काढून सरांच्या हातात परत देत. एकही शब्द न बोलता वीट परत मिळणं म्हणजे काय, ते ज्याला मिळालीय त्यालाच ठाऊक. सरांना आपले विद्यार्थी आठवत, आणि त्यांच्या वहीवर लाल पेनने आपण लिहिलेलं काय काय आठवे. आठव्या दिवशी दोन विटा परत आल्या, नवव्या दिवशी एकच. दहाव्या दिवशी मिस्त्रींनी एका विटेवर थापी टेकवून "हं" म्हटलं. ते 'हं' सरांनी घरी येऊन बायकोला तीनदा म्हणून दाखवलं.

आजी खिडकीतून विचारत, "किती राहिलं?"

"झालंच," सर म्हणत. समोरच्या इमारतीत खोकी भरली जात होती. पायऱ्या नव्हत्या, नुसती फळी होती, आणि फळीवरून तर आजी अजिबात उतरू शकत नव्हत्या. पूर्वी निदान दहा इंचांची का होईना, पायरी होती. सर मग मसाला जास्तच भरभर कालवत.

महिनाअखेरीला सहा दिवस उरले असताना मिस्त्रींना अर्ध्या दिवसासाठी दुसऱ्या कामावर जावं लागलं. वरच्या दोन पायऱ्या झाल्या होत्या. खालच्या दोन पायऱ्यांचा शेवटचा थर बाकी होता. थर ओळीत यावा म्हणून दोन टोकांच्या खुंट्यांना ताणून बांधतात तो दोरा, त्याला मिस्त्री सूत म्हणत. अशी दोन सुतं पुढच्या बाजूला दोन पायऱ्यांवर बांधून ठेवलेली होती. दुपारी मिस्त्रींचा फोन आला.

"साहेब, शेवटचा थर तुम्ही घ्या. भीती नाही. फक्त पुढच्या अंगाला दोन सूत सोडा, म्हणजे पाणी थांबायचं नाही."

"दोन सूत सोडतो," सर म्हणाले.

पाण्याचा आणि सुताचा काय संबंध, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण विचारलं नाही. बावीस वर्षं बांधकाम शिकवणाऱ्या माणसाने फोनवर, आणि तेही गॅलरीत दंतवैद्यीण बाई उभ्या असताना, विचारायचं तरी कसं? कारागिरांची काही रीत असेल, असं म्हणून सरांनी पुढच्या अंगाची दोन्ही सुतं सोडली, व्यवस्थित गुंडाळली आणि खिशात ठेवली. मग नजरेच्या भरवशावर तीन तास, आयुष्यात प्रथमच एकट्याने, मन लावून विटा लावल्या.

चार वाजता मिस्त्री आले तेव्हा सर कमरेवर हात ठेवून उभे होते. मिस्त्रींनी पायऱ्या बघितल्या. खालची पायरी मध्ये पोट सुटल्यासारखी पुढे आली होती आणि तिची दोन्ही टोकं वर गेली होती. तिच्यावरची तिरकी होऊन भिंतीकडे निघाली होती.

"खालची हसतेय," गॅलरीतून आवाज आला. "वरचीला मात्र तार बसवावी लागेल."

"साहेब," मिस्त्री हळूच म्हणाले, "सूत कुठाय?"

सरांनी आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं खिशातून काढून दिलं. "हे घ्या. दोन्ही सोडली. तुम्ही सांगितलंत तशी."

मिस्त्रींनी ती गुंडाळी उलटसुलट करून बघितली. मग पिंपावर हात टेकून खाली बसले आणि हसायला लागले. इतके हसले की कानामागची पेन्सिल पडली. "अहो, दोरी नाही," ते डोळे पुसत म्हणाले. "माप. इंचाचे आठ सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच. पायरी पुढच्या बाजूला पाव इंच उतरती करा, असं म्हणालो मी."

सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांना काहीतरी आठवायला लागलं होतं.

एवढ्यात फळी ओलांडून नियमकाका आले. त्यांनी पायऱ्या बघितल्या आणि त्यांचं पित्त खवळलं. "बघा. मी सभेतच म्हणणार होतो. ज्या माणसाने एकोणीस वर्षांपूर्वी घोळ घातला त्यालाच पुन्हा बोलावलंत. कशी बांधलीय बघा."

मिस्त्री उठले, पेन्सिल उचलून कानामागे लावली. काही बोलले नाहीत. त्या वेळीही ते असेच काही बोलले नसणार.

सरांनाही न बोलता राहता आलं असतं. एकोणीस वर्षं ते जमलंच होतं. पण हाताचे फोड, परत मिळालेल्या विटा आणि ते एक 'हं' आडवे आले.

"काका, ही पायरी मी बांधलीय," सर म्हणाले. "आणि ती जुनीही माझीच होती."

"म्हणजे?"

"जमीन नकाशात दाखवली होती त्यापेक्षा खाली निघाली. तेव्हा मिस्त्रींनी मला विचारलं होतं. साहेब, तिन्ही पायऱ्या सारख्या वाटून सात इंच दोन सूत करू का?" सरांनी हाताचा मसाला झटकला. "मला सूत म्हणजे दोरीच वाटली. दोन दोऱ्या लावू का, असं ते विचारतायत असं वाटलं. मी म्हणालो, सूत कितीही लावा, पायरी सहा इंचच झाली पाहिजे."

गॅलरीतल्या बाई कठड्यावरून वाकल्या. खिडकीत आजी बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं.

"मग यांनी वरच्या दोन सहा इंचांच्या केल्या," सर म्हणाले, "आणि उरलेलं खालचीच्या वाट्याला आलं. आणि मी एकोणीस वर्षं यांना नावं ठेवली. काका, हे तुम्ही सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तीस वर्षांत स्वतःहून आपली त्रुटी दाखवणारी फाइल त्यांच्याकडे कधी आली नव्हती.

सर मिस्त्रींकडे वळले. "तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"विचारलं होतं की. तुम्ही उत्तर दिलंत," मिस्त्री म्हणाले. "तुमचं पहिलं काम. मालक उभे होते, दहा माणसं उभी होती. त्यांच्यासमोर तुम्हाला सूत म्हणजे काय ते मी कसं सांगणार? म्हटलं, कळेल कधीतरी." मग हसऱ्या पायरीकडे बघून म्हणाले, "उशीर झाला जरा. चला, फोडू या."

पुढचे दोन दिवस सरांनी काम केलं तसं आयुष्यात कधी केलं नव्हतं. माणूस सुतासारखा सरळ आला होता. दर दहा मिनिटांनी ते विचारत, "हे असंच ना?" आणि विचारायला इतकं सोपं असतं हे त्यांना पन्नासाव्या वर्षी कळत होतं. नियमकाकांनी कुणाशी न बोलता स्कूटर मागच्या बाजूला नेऊन लावली. दंतवैद्यीण बाईंनी तोंडात घालायचा छोटा आरसा खाली पाठवला, पायरीच्या कडेखालचे सांधे भरलेत का ते बघायला, आणि तो अगदी उपयोगी पडला. लोहाराने कठडा बसवला. मग तीन दिवस पायऱ्यांवर पाणी मारायचं होतं. ते काम आजींनी मागून घेतलं. खिडकीतून पाइप धरून त्या इतक्या कसोशीने पाणी मारत की पोस्टमन दोनदा भिजला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाचला दहा कमी असताना आजी दारात आल्या. एक हात कठड्यावर, एक सुनेच्या हातात. सर खाली उभे होते आणि त्यांची पाचावर धारण बसली होती. परीक्षा खूप घेतल्या होत्या त्यांनी, पण असं खाली उभं राहून निकालाची वाट कधी बघितली नव्हती.

आजी पहिली पायरी उतरल्या. थांबल्या. दुसरी. तिसरीवर सुनेचा हात सोडला. चौथी उतरून त्या जमिनीवर उभ्या राहिल्या, मागे वळून पायऱ्यांकडे बघितलं आणि बाकाकडे चालू लागल्या. बाकावरची मैत्रीण उठून उभी राहिली होती. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि एकदम दोघीही बोलायला लागल्या.

सरांना भरून आलं. ते मिस्त्रींना 'तुमचे फार उपकार झाले' असं म्हणणार होते, पण त्याऐवजी त्यांनी नोंदवही पुढे केली. साठ तास भरले होते. चाळीस मुलांच्या वह्यांचा रस्ता मोकळा झाला होता. फक्त 'प्रशिक्षकाचा शेरा' हा रकाना उरला होता. मिस्त्री नव्या पायरीवर बसले, कानामागची पेन्सिल काढली आणि बराच विचार करून एक ओळ लिहिली.

"काय लिहिलंय? मोठ्याने वाच," आजी बाकावरून म्हणाल्या.

सरांनी वाचलं. "'हात कच्चा. माणूस सुतात आहे. दोन सूत इकडेतिकडे, चालेल.'"

"दोन सूत म्हणजे किती रे?" मैत्रिणीने विचारलं.

सरांनी अंगठा आणि बोट जवळ आणून मधली फट दाखवली. आजींनी वाकून ती फट बघितली.

"एवढ्यासाठी मी सहा महिने खिडकीत बसले?"

"हो," सर म्हणाले.

"एवढंच असतं, आजी," मिस्त्री म्हणाले. "जास्त असलं तर कुणालाही दिसतं."

आजी बाकावर जरा सरकल्या आणि मिस्त्रींना बसायला जागा करून दिली. सरांसाठी जागा उरली नाही. ते पायरीवर बसले, तिथे बसायला सोयीचं झालं होतं.